मेंदू लातूरचा करणाऱ्या मठपती मॅडम

मठपती मॅडमवर मी पहिलं पत्रक काढलं ते त्यांच्या विरोधात. दुसरं काढलं ते त्यांच्या बाजूनं. दोन्ही चुकीची होती, आणि दुसरं जास्त चुकीचं. तिसरं बरोबर होतं, पण ते माझं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आम्हा चळवळीतल्या लोकांना चूक कबूल करायची सवय नाही. आमच्याकडं चूक झाली की नवीन विषय घेतात.

मी हदगावचा. नांदेडला शिकायला आलो आणि वर्गात कमी, मोर्चात जास्त बसलो. पत्रक कसं लिहायचं हे तिथंच शिकलो: मथळा रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे, एका पानावर एकच गुन्हेगार पाहिजे, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. एक दिवस कुणीतरी सांगितलं की नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई गरीब पेशंटचे दंड रक्त थांबेपर्यंत आवळतात आणि वहीत लिहून ठेवतात. अर्ध्या लोकांना तर खोटाच पट्टा बांधतात म्हणे. मी कुणाला काही विचारलं नाही. त्याच दिवशी मथळा तयार: ‘गरिबांचे दंड आवळणाऱ्या डॉक्टरीणबाई, जवाब द्या!!!’ दवाखान्याच्या गेटवर पत्रक चिकटवलं आणि पोलिसांची वाट बघत उभा राहिलो.

पोलीस आले नाहीत. रहीमभाई आले. मॅडमच्या हाताखालचे तंत्रज्ञ, पांढरी दाढी, गळ्यात स्टॉपवॉच.

“पत्रकवाले आपच क्या? मॅडम बुला रै. चाय ठंडी हो री.”

आत एक बुटक्या, सडपातळ बाई बसल्या होत्या. कपाळावर भस्माची फिकट रेघ, इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी मोठ्या तबकडीचं घड्याळ. समोर माझं पत्रक. त्यांनी मला अर्धाच पेला पाणी ओतून दिलं. पुढं कळलं, त्या सगळ्यांना अर्धाच देतात. लागलं तर पुन्हा अर्धा. लातूरच्या बाईच्या हातून पूर्ण पेला भरलाच जात नाही.

“‘आवळणाऱ्या’ हे बरोबर लिहिलंस,” त्या म्हणाल्या. “आवळतेच मी. बस. बाही वर कर.”

मी भांडायला गेलो होतो आणि दंडाला पट्टा बांधून बसलो. ब्लडप्रेशर मोजायचा असतो तोच पट्टा, पण फुगवून तसाच ठेवलेला. मिनिटाभरात हात पांढरा पडला, मग निळसर. बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्या मिनिटाला तो हात माझा आहे असं वाटेना. रहीमभाई स्टॉपवॉचकडं बघत उभे. पाच मिनिटं झाली की हवा सोडली; रक्त असं धावत आलं की तळहात तापला.

“दुखलं?”

“झिणझिण्या आल्या.”

“हे तुझ्या पत्रकात नव्हतं. आता लिही.”

मग पाच मिनिटं आराम आणि पुन्हा आवळणं. असे चार फेरे. त्या वेळात त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण यापेक्षा सोपं मला अजून जमलेलं नाही.

“नांदेडमध्ये एक दिवस नळ आला नाही तर काय होतं? बोंबाबोंब. का, तर गोदावरी उशाशी, सवय नाही. आमच्या लातूरला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. घर चालतं का नाही? चालतं. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला. लातूरच्या बाईला पाणी गेलं की काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं हे पाठ असतं. मेंदू हा नांदेडचा आहे बघ. चोवीस तास रक्त पाहिजे त्याला, जरा थांबलं की माणूस आडवा. मला तो लातूरचा करायचाय.”

“मग दंड कशाला? डोकं आवळा.”

रहीमभाई हसले. मॅडम हसल्या नाहीत. “डोक्याला ताण देता येत नाही, मरेल. हाताला देता येतो, हात दांडगा आहे. गल्लीच्या एका टोकाला टँकर आला नाही म्हणून ओरड झाली की दुसऱ्या टोकाची बाई आपली घागर झाकून ठेवते का नाही? तसंच. हाताची ओरड रक्तातून, नसांतून वर जाते आणि मेंदू सावध होतो, असा अंदाज आहे. पुढं खरोखर गुठळी अडकली तर तो थोडा जास्त वेळ तग धरेल.”

“धरतो का?”

“माहीत नाही.”

मला वाटलं मी चुकून ऐकलं. माझ्या जगात ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस एक तर लाचखाऊ असतो किंवा भित्रा.

“माहीत असतं तर लोकांचे दंड कशाला आवळले असते, बाबा? गोळीसारखं लिहून दिलं नसतं का? दुसरीकडं लोकांनी करून बघितलंय. कुणी म्हणतं होतो फायदा, कुणी म्हणतं नाही. मला रिटायर व्हायच्या आत एका ओळीचं उत्तर पाहिजे. हो, नाहीतर नाही. नाही आलं तरी चालेल, पण खरं पाहिजे.”

उत्तर एवढं का पाहिजे होतं, ते त्यांनी नाही, रहीमभाईंनी सांगितलं. मॅडमच्या आईच्या अंगावरून आधी हलकंसं वारं गेलं होतं. आपल्याकडं लकव्याला असंच म्हणतात. तोंड वाकडं झालं आणि तासाभरात सरळही झालं. आई म्हणाली, काही नाही, थकवा. सात दिवसांनी मोठा झटका आला आणि आई गेली. मधले सात दिवस मुलगी डॉक्टर असून शेजारी बसून होती. रक्त पातळ करायची गोळी दिली, बाकी हातात काही नव्हतं. “उन सात दिनों के वास्ते ये पट्टा है,” रहीमभाई म्हणाले. म्हणून त्यांच्या अभ्यासात फक्त तसलेच लोक असायचे: ज्यांना वारं चाटून गेलंय आणि अजून मोठं आलेलं नाही. नेहमीची औषधं चालूच, त्याच्या वर हा पट्टा.

आणि खोटा पट्टा? तो खरोखरच होता. अर्ध्या लोकांचा पट्टा नुसता थोडासा फुगवायचे, कारण त्याशिवाय तुलना कशी करणार? पण हे प्रत्येकाला आधी सांगितलेलं असायचं. कोणाचा खरा, कोणाचा खोटा हे एकट्या रहीमभाईंना ठाऊक. मॅडमना स्वतःलाही नाही. किनवटकडच्या एका सोनाबाई होत्या, सत्तरीच्या, तोंडाच्या फटकळ. एक दिवस मॅडम तपासायला आल्या तशी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “ओ डॉक्टरीणबाई, माझा पट्टा—”

“मावशी, सांगू नका!” मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“आवं पन माझा—”

“सांगू नका म्हणते ना!” आणि त्या साडी सावरत व्हरांड्यातून अक्षरशः पळाल्या. मागून म्हातारी: “अगं बया, माझा पट्टा सैल झालाय, तेवढा नीट कर म्हनून सांगून राहिले!” सगळा वॉर्ड हसला. मॅडम मात्र अर्धा तास आत आल्या नाहीत, आणि सोनाबाईंची तपासणी त्या दिवसापासून दुसऱ्या डॉक्टरांकडं दिली. आपल्या कानावर अर्धा शब्द पडला, एवढ्यावरून.

संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायच्या आधी त्या पेशंटला सगळं समजावायच्या आणि मग म्हणायच्या, “आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं.” जो सांगू शकला तो आत. जो “तुम्ही म्हणाल तसं, मॅडम” म्हणाला, तो बाहेर. औषधोपचार पूर्ण, पण अभ्यासात नाही. जळकोटकडचे एक शेटजी हात जोडून म्हणाले, “बाई, आमचा तुमच्यावर देवासारखा विश्वास हाय.”

“मग देवळात जा, अप्पा. इथं समजून घेणारा माणूस पाहिजे.”

मी ज्यांच्यावर ‘गरिबांना फसवतात’ असं छापलं होतं, त्या बाई ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाला परत पाठवत होत्या. मी त्यांच्याकडं रोज जायला लागलो. काम काय, तर बाहेर नातेवाइकांजवळ बसायचं आणि एकच गोष्ट विचारून ठेवायची: माणूस शेवटचा नीट बोलला-चालला तेव्हा किती वाजले होते? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ही वेळ सोन्याची. पण आपल्याकडं वेळ कोण सांगतो? “ढोरं सोडली तवा.” “त्या सासूच्या मालिकेत लग्न चालू होतं.” “किनवटची गाडी शिट्टी देऊन गेली, लगेच.” मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. त्यात रेल्वेचं, एस्टीचं वेळापत्रक, मालिकांच्या वेळा, पाच अजान, शाळेची घंटा, सगळं. “लग्न चालू होतं म्हणजे साडेआठ ते नऊ. जाहिरातीच्या आधी का नंतर, विचार.” मी विचारून यायचो. एवढी शिकलेली बाई, जिनं स्वतःच्या घरी टीव्ही ठेवला नव्हता, तिला प्रत्येक मालिकेतल्या सुनेचं नाव माहीत होतं.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टींचा. तालुक्याला मेंदूचा फोटो काढायची सोय नाही, म्हणून माणूस दीड-दोन तास जीपमध्ये मरत येतो. घरचे वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घोंगडी पांघरतात, कबुतराचं रक्त चोळतात. मी मॅडमना म्हणायचो, पत्रक काढू. त्या म्हणायच्या, “काय लिहिशील?” मी तीन ओळींत सांगायचो. “ह्यातलं तुला स्वतःला किती माहीत आहे आणि किती रागानं आलंय?”

आणि तरी मी ते केलंच.

सोयाबीनचा हंगाम होता. मी हदगावला घरी गेलो होतो. डोक्यात एकच: एवढी चांगली गोष्ट दवाखान्यात कोंडून पडलीय आणि बाहेर माणसं मरून राहिलीत. हा अन्याय नाही तर काय? मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी ‘माहीत नाही’ म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. मथळा मला मोटरसायकलवरच सुचला: ‘दंडाला पट्टा, लकव्याला रट्टा!!!’ खाली चित्र, पाच मिनिटं आवळा, पाच मिनिटं सोडा, चार वेळा. दोन हजार प्रती. बाजाराच्या दिवशी सगळ्या वाटल्या. आतापर्यंतचं सगळ्यात देखणं पत्रक होतं ते. लोकांनी दुकानांत चिकटवलं.

दहा-बारा दिवसांनी वॉर्डात हदगावकडच्या खेड्यातला एक माणूस आला. किशनराव, गावचे टेलर. उजवा हात, उजवा पाय गेलेला, वाचा गेलेली. सोबत मुलगा बालाजी. मी नेहमीसारखा त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, किती वाजता?

“सात वाजून दहा मिनटं,” तो ताडकन म्हणाला. एवढी नेमकी वेळ आजवर कुणी सांगितली नव्हती. “घड्याळ लावूनच केलं ना भाऊ सगळं. पाच मिनटं आवळलं, पाच मिनटं सोडलं. सायकलची ट्यूब बांधली. चार बारी केलं, फरक न्हाई. पुन्हा चार बारी केलं. गाडी आणाव म्हनत होती माय, मी म्हनलं थांब, आदी पत्रकातलं पुरं करू.” मग त्यानं खिशातून घडी काढली आणि ओळखून माझ्याकडं बघितलं. “तुमीच वाटत होते ना बाजारात? लई उपकार झाले. न्हाईतर आम्हाला काय कळणार होतं?”

दवाखान्यात आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. इंजेक्शनची वेळ वीस मिनिटांनी हुकली होती. ट्यूबवर दीड तास गेला होता.

मॅडमनी बालाजीच्या हातातून पत्रक घेतलं. वाचलं. पाठपोट बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं.

“किती छापलीस?”

“दोन हजार.”

“वाटली किती?”

“सगळी.”

“हदगावचा बाजार कधी असतो?”

एवढंच. त्या दिवशी पेशंट तपासून झाल्यावर त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काय केलं ते मला आठवड्यानं रहीमभाईंनी सांगितलं, आणि या वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मॅडमनी दवाखान्याच्या समितीला स्वतः पत्र लिहिलं होतं की अभ्यासाची माहिती चुकीच्या रूपात बाहेर गेली, एका रुग्णाचं नुकसान झालं, चौकशी होईपर्यंत नवीन पेशंट घेणं मी थांबवते. एका आगाऊ पोरानं न विचारता छापलं, असं त्यांना लिहिता आलं असतं. ते खरंही होतं. त्यांनी लिहिलं: ‘माझ्या समजावून सांगण्यात कमतरता राहिली.’

चौकशीला महिने लागले. अभ्यास पुन्हा सुरू झाला नाही. मॅडमची रिटायरमेंट आली. जेवढे पेशंट झाले होते तेवढ्यावरून हो म्हणता येत नव्हतं आणि नाहीही म्हणता येत नव्हतं. मेंदू लातूरचा होतो की नाही, हे त्यांना कळलं नाही. माझ्यामुळं कळलं नाही. हे वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतो.

पण त्या आधी हदगावचे तीन बाजार झाले. तिन्ही वेळा त्या एस्टीनं आल्या. पिशवी घेऊन दुकानादुकानात जायच्या. “हे पत्रक आहे का तुमच्याकडं? परत द्या. चुकीचं आहे.” लोक विचारायचे, मग बरोबर काय? तर त्या उभ्या-उभ्या सांगायच्या आणि म्हणायच्या, “आता तुम्ही मला सांगा.” कापडवाला, चप्पलवाला, भाजीवाली, सगळ्यांकडून वदवून घ्यायच्या. एक पानवाला म्हणाला, “बाई, पत्रक कुनी परत मागत असतंय का? वाटलं की संपलं.”

“औषध चुकीचं दिलं तर परत मागतात का नाही?”

“पन हे तर कागद हाय.”

“त्या कागदानं एकाचा हात गेलाय, दादा.”

मी मागं पिशवी धरून उभा. गावात मला ओळखणारे सगळे बघत होते. त्याआधी असं कधी वाटलं नव्हतं की जमीन फाटावी आणि आत जावं.

पहिल्या बाजारानंतर त्या मला किशनरावांच्या घरी घेऊन गेल्या. ते बाजेवर होते, उजवा हात पोटावर ठेवलेला. मॅडमनी त्यांची नाडी बघितली, व्यायाम दाखवला आणि मग माझ्याकडं वळल्या. “आता तू सांग.”

मी सांगितलं. की मला पूर्ण माहीत नव्हतं. की पट्टा झटका आल्यावर घरी बांधायचा उपचार नाहीच. की मी विचारलं नाही. किशनराव माझ्याकडं बघत राहिले. बोलता येत नव्हतं. बालाजी खाली बघत होता. बोलली ती त्याची माय.

“शिकलेला हायस ना रे तू, मुडद्या? आम्ही अडाणी म्हनून छापलेल्यावर इश्वास ठुला. तुला कामून न्हाई इचारावं वाटलं?”

मॅडमनी मला वाचवलं नाही. त्या फक्त माझ्या शेजारी खाली, जमिनीवर बसल्या, आणि माय बोलायची थांबेपर्यंत बसून राहिल्या.

तिसरं पत्रक त्याच आठवड्यात निघालं. शब्द सगळे मॅडमचे, मी फक्त लिहून घेतले. मथळा नाही, यमक नाही. पहिली ओळ: ‘माझं आधीचं पत्रक चुकीचं होतं. ते फाडून टाका.’ मग: तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि गाडी बोलवा. काही बांधू नका, काही पाजू नका, काही चोळू नका, वाट बघू नका. मी खाली सवयीनं ‘एक जागरूक नागरिक’ लिहिलं. मॅडमनी ते खोडलं. “नाव घाल. गाव घाल. पुन्हा चुकलास तर लोकांनी कुणाच्या दारात यायचं?”

आजही मी पत्रकं काढतो. तालुक्याला स्कॅनची सोय पाहिजे म्हणून काढतो, अॅम्ब्युलन्ससाठी काढतो, आणि अजून रागानंच काढतो. पण प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं लिहितो, हे कुणी सांगितलं, मला कसं माहीत. काही ओळी त्यामुळं गळतात. पत्रक बुटकं होतं. कार्यकर्ते म्हणतात, तुझ्या पत्रकात पहिल्यासारखा जोर नाही. खरंय त्यांचं. एवढ्या मोठ्या नुकसानीच्या बदल्यात मॅडमनी मला हे दिलं. मी त्यांना काय दिलं याचा हिशेब लावायची माझी हिंमत नाही. मी फक्त कृतज्ञ आहे, आणि हा शब्द मला आधी पत्रकाच्या शेवटी वापरायचाच माहीत होता.

रिटायर होऊन त्या लातूरला गेल्या. मागच्या हिवाळ्यात एकदा किशनरावांना बघायला आल्या होत्या. किशनराव आता काठीनं चालतात, तीन-चार शब्द बोलतात. मशीनवर बालाजी बसतो. परतताना मी मॅडमना हदगावच्या स्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची गाडी लागली होती. त्या भज्यांच्या गाड्यापाशी थांबल्या आणि एक प्लेट मागितली. मला नवल वाटलं. त्या बाहेरचं तळलेलं खात नाहीत. भजेवाल्यानं गाड्याखालच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला, त्यावर भजी टाकली आणि पुढं केली.

मला तेव्हा दिसलं. तेल पिऊन पारदर्शक झालेल्या कागदावर, उलट्या बाजूनं, तीन उद्गारचिन्हं.

“दादा, हा गठ्ठा सगळा द्या मला,” मॅडम म्हणाल्या. “मी दुसरा कागद आणून देते.” आणि खरंच समोरच्या दुकानातून जुन्या वर्तमानपत्रांची जुडी घेऊन आल्या. भजी माझ्या हातात ठेवली. गठ्ठा चाळला, त्यात माझ्या त्या पट्ट्याच्या पत्रकाचे सात-आठ निघाले. त्यांनी ते तेलकट कागद नीट घडी घातले, पर्समध्ये ठेवले, रुमालानं बोटं पुसली आणि गाडीत चढल्या. खिडकीपाशी बसून त्यांनी पुन्हा एकदा खाली वाकून गाड्याखाली बघितलं, काही राहिलं का म्हणून.